घोड्याच्या कानांपलीकडचं माथेरान

माझ्या थोरल्या जाऊबाई (मी त्यांना वहिनी म्हणते) 1986 साली माथेरानला येऊन गेल्या होत्या. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. एका दिवसात घोड्यावरून 12 पॉइंट केले. त्यातलं काय आठवतं, असं दिवाळीच्या फराळाला बसल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "घोड्याचे कान."

"म्हणजे?"

"खाली बघायची छाती होत नव्हती गं. मग कानांकडेच बघत बसले दिवसभर. डावा जरा फाटलेला होता."

झालं, तिथेच ठरलं. आम्ही दोघीच, तीन दिवस, शनिवार-रविवार टाळून, नोव्हेंबरअखेर. त्यांचं वय 62, उजवा गुडघा कुरकुरणारा. माझं 49, गुडघे शाबूत पण दम कमी. नियम एकच, घोडा करायचा नाही. दादांनी (माझ्या थोरल्या दिरांनी) "पायी? तिथे पायी कोण फिरतं?" असं विचारून चकलीचा तुकडा मोडला. बाकी कुणाची हरकत नव्हती.

मंगळवार

डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडून नेरळ, तिथून छोटी गाडी असा बेत होता. नेरळहून वर जाणाऱ्या गाडीला दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे खिडकीवर लवकर उभं राहावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी थर्मास तिसऱ्यांदा धुवायला घेतला आणि आमची लोकल हुकली. नेरळच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा आमच्या पुढे दोन माणसं असतानाच तिकिटं संपली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त थर्मासकडे बघितलं.

मग शेअर टॅक्सी. घाट लहान पण चांगलाच उभा. वळणावर ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो आणि मागे बसलेली माणसं आपोआप गप्प होतात. अर्ध्या तासात दस्तुरी नाका. इथे गाड्या संपतात. माथेरानात मोटार चालत नाही. अपवाद रुग्णवाहिकेसारख्या गरजेच्या गाड्यांचा, आणि आता ई-रिक्षांचा. माणसाने ओढायच्या हातरिक्षांना पर्याय म्हणून त्या कोर्टकचेऱ्या होऊन आल्या. त्यावरून गावात दोन तट आहेत आणि घोडेवाल्यांचा आवाज त्यात मोठा आहे. त्यांची बाजू न समजण्यासारखी नाही. पण घामाने निथळलेल्या माणसाने दुसऱ्या माणसाला चढावर ओढत न्यायचं, हे पाहायला मला कधीच बरं वाटलं नाही.

नाक्यावर पाय ठेवला न ठेवला तोच, "मॅडम, घोडा? 12 पॉइंट, 7 पॉइंट, जसं म्हणाल तसं."

वहिनींनी थांबून विचारलं, "बाराच का?"

घोडेवाला क्षणभर गोंधळला. "सगळे बाराच करतात."

माथेरानला 38 पॉइंट, असं जो तो सांगतो. त्यातले काही म्हणजे नुसतं कठडा आणि पाटी, काहींवर माणूस तासभर बसून राहील. घोड्याच्या दरपत्रकात दोन्हींची किंमत सारखीच.

दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनावरून माथेरान स्टेशनापर्यंत शटल गाडी असते. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद ठेवतात तेव्हाही ही चालते. आम्ही सामान एका हमाल बाईंच्या हवाली केलं आणि रुळाच्या कडेच्या पायवाटेने निघालो. बाईंनी माझी बॅग डोक्यावर, वहिनींची खांद्याला अशी घेतली आणि बघता बघता दिसेनाशा झाल्या. आम्हाला त्याच अडीच-तीन किलोमीटरला तासभर लागला. वाट सपाट, डोक्यावर जांभळीची दाट सावली, पायाखाली जांभा दगडाची तांबडी माती. ही माती लक्षात ठेवा. पांढरे बूट, पांढरे मोजे, फिकी सलवार यातलं काहीही आणू नका.

खोलीवर आडवं होऊन, बाजारात थालीपीठ खाऊन, संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला गेलो. त्याला सगळे सनसेट पॉइंटच म्हणतात. समोर प्रबळगडाचं लांबरुंद पठार, त्याच्या उजव्या अंगाला कलावंतीण दुर्गाचा टोकदार सुळका आणि दोहोंमधली इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. सूर्य प्रबळच्या मागे गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या (सूर्यास्ताला टाळ्या का वाजवतात?) आणि दहा मिनिटांत सगळे पांगले. आम्ही रंग उतरेपर्यंत बसलो. तीच चूक झाली. रानात शिरलो तर वाटेवर दिवा नाही, माझ्या फोनची बॅटरी 9 टक्के आणि वहिनींचा फोन खोलीवर चार्जिंगला. दोन फाटे आले, दोन्ही सारखेच काळे.

मागून टापा ऐकू आल्या. रिकामा घोडा घेऊन एक पोरगा घरी निघाला होता. म्हणाला, "याच्या मागून चला, याला वाट पाठ आहे." अर्धा-पाऊण तास आम्ही घोड्याच्या शेपटीवर नजर ठेवून चाललो.

"काय प्रगती आहे बघ," वहिनी अंधारात म्हणाल्या. "कानांवरून शेपटीवर आले."

बाजारात शिरल्या शिरल्या पहिली खरेदी टॉर्चची.

बुधवार

आज लांबचा दिवस: पूर्वेच्या कड्याने दक्षिणेला जायचं, टोकाला वळसा घालायचा आणि पश्चिमेच्या कड्याने परत यायचं. सात वाजता निघालो. वहिनींच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या. माझ्याकडे पाणी आणि तो थर्मास.

सकाळी पूर्वेचे पॉइंट बघावेत, संध्याकाळी पश्चिमेचे, एवढं साधं गणित आहे. उगवता सूर्य इकडे समोर येतो, मावळता तिकडे. अलेक्झांडर आणि रामबाग या दोन्ही ठिकाणी त्या वेळी आमच्याखेरीज एक कुत्रा होता. खाली उल्हासचं खोरं, धुकं अजून शेतांवर साचलेलं, डावीकडे गार्बेटचं लांब पठार जिभेसारखं पुढे आलेलं. मध्येच झाडीतून खर्र्र-खट्-खट् असा आवाज आला. वर बघितलं तर शेकरू. एवढी मोठी, तपकिरी-पिवळसर खार, शेपूट अंगाहून लांब. राज्यप्राणी म्हणून पुस्तकात पाहिलेला; प्रत्यक्षात ती एका जांभळीवरून दुसऱ्या जांभळीवर सूर मारते तेव्हा फांदी किती वाकते, हे पुस्तकात येत नाही. घोड्याच्या टापा असत्या तर ती थांबली असती का, कोण जाणे. आम्ही दहा मिनिटं मान वर करून उभ्या, आणि मग दोघींनाही मान चोळावी लागली.

इथलं रान सदाहरित आहे म्हणून नोव्हेंबरातही हिरवं गार: जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी. माथ्यावरचं रान ते माथेरान, अशी नावाची फोड सांगतात. 2003 साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला म्हणून ते टिकून तरी आहे. खाली प्लास्टिकच्या बाटल्या मात्र प्रत्येक कठड्यापलीकडे. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर असतो आणि बाटली दरीत जाते.

चौक पॉइंट हे दक्षिण टोक. खाली चौक गाव, मोरबे धरणाचं पाणी आणि समोर इर्शाळगडाचा कातळ. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या गडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वहिनींनी विचारलं, "कुठे होती वाडी?" शेजारच्या ताकवाल्याने हात लांब करून दाखवलं. आम्ही ताक प्यायलो आणि पुढे निघालो. त्याच्याही बोलण्यात त्यावर जास्त शब्द नव्हते.

तिथून वन ट्री हिल. मुख्य पठारापासून सुटलेला एक टेकडीवजा सुळका, मधे खिंड, माथ्यावर झाड. याच बाजूने खाली उतरणारी वाट आहे, तिला शिवाजीची शिडी म्हणतात. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौककडून चढून वर आला आणि त्याने माथेरानचा 'शोध' लावला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आला तेव्हा इथल्या रानात धनगर, ठाकर, कातकरी फिरत होतेच, त्यामुळे शोध कुणाला लागला हा प्रश्न आहे. खरं म्हणजे साहेबाला पत्ता लागला, एवढंच.

आम्ही खिंडीकडे बघत बसलो होतो तेवढ्यात तिथून एक बाई वर आल्या. डोक्यावर पाटी, पायात रबरी स्लिपर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. वहिनींनी विचारलं, "खालून आलात? किती वेळ लागला?"

"दोन तास. सकाळच्याला लवकर होतं, ऊन नसतं."

"रोज?"

"बाजाराच्या दिवशी."

वय विचारायचा धीर मला झाला नाही, वहिनींनी विचारलं. "साठ असेल नाहीतर जास्ती," असं म्हणून बाई पुढे गेल्या. वहिनींनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं आणि त्याला काहीतरी सुनावलं.

पश्चिमेच्या अंगाने लॉर्ड पॉइंटवरून शार्लोट तलावाला आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. हा तलाव म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी, पोहायला मनाई. काठावर पिसारनाथाचं देऊळ, ते माथेरानचं ग्रामदैवत. आम्ही पिशवी ओट्यावर ठेवून दर्शनाला आत गेलो. बाहेर आलो तर एक लाल तोंडाचं माकड पिशवीची चेन उघडत होतं. फाडत नव्हतं, चेन उघडत होतं, सावकाश, दोन बोटांनी. दशम्या गेल्या, चटणी गेली, एक काकडी त्याने हुंगून परत टाकली. चूक आमची, वानर-माकडांच्या गावात पिशवी खाली ठेवायची नसते आणि हातात खाऊ मिरवायचा नसतो, हे नाक्यावर हमाल बाईंनी सांगितलंही होतं. मग भाजलेलं कणीस आणि लिंबू सरबत.

इको पॉइंटला पोचलो तर कॉलेजच्या पोरांचा घोळका आपापली नावं ओरडत होता. पोरं गेली. शांत झालं. वहिनी कठड्यापाशी गेल्या, इकडे तिकडे बघितलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात दादांचं नाव घेतलं. नुसतं नाव, एकेरी. लग्नाला 39 वर्षं झाली. उखाण्याबाहेर ते नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या कड्याने ते परत केलं, मग त्याच्या मागच्याने, तिसऱ्यांदा अर्धंच.

"आला का आवाज नेरळपर्यंत?" त्यांनी मला विचारलं आणि इतक्या हसल्या की सरबतवाली बाईही हसायला लागली.

याच भागात दोराला लटकून दरी ओलांडायचा खेळ आहे, हल्ली त्याला व्हॅली क्रॉसिंग म्हणतात. हेल्मेट, कमरेला पट्टे, पलीकडे दोर ओढणारी माणसं. वहिनी वीस मिनिटं उभं राहून बघत होत्या. शेवटी त्यांनी तिथल्या मुलाला वजनाची मर्यादा विचारली. मी त्यांच्या गुडघ्याचं कारण पुढे करून त्यांना तिथून हलवलं. खरं सांगायचं तर भीती माझी होती, गुडघ्याचं नुसतं नाव.

शेवटचा लुईझा पॉइंट. चार वाजता उन्हं तिरपी झालेली, पलीकडे पुन्हा प्रबळगड, पण कालच्यापेक्षा जवळ आणि त्याच्या कातळातल्या घड्या मोजता येतील इतका स्वच्छ. दिवसभर चालून आलेल्याला तिथे बसायला दगड आहेत. आम्ही बूट काढून बसलो. एका मागोमाग एक घोडे येत होते, पाच मिनिटं थांबत होते, दोन फोटो, की पुढे. आम्ही तासभर बसलो त्यात असे 11 घोडे मोजले. वहिनी म्हणाल्या, "मी इथे आले असणार बघ. आले असणारच. बारात हा होता." त्यांनी प्रबळकडे नीट बघून घेतलं. "पण हा डोंगर मी आज पहिल्यांदा बघतेय."

रात्री फोनने 21 हजार पावलं दाखवली. दादांचा फोन आला. "किती पॉइंट झाले?" त्यांना आकडा हवा होता. वहिनींनी "मोजले नाहीत" म्हटलं आणि माकडाची गोष्ट सांगितली. इको पॉइंटची नाही सांगितली.

गुरुवार

पहाटे पाचला टॉर्च घेऊन पॅनोरमा पॉइंटकडे निघालो. तो अगदी उत्तरेला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. गुडघ्याला मलम चोळून वर पट्टा बांधलेला. माझं मत, वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हा एकच गाठा, सूर्य उगवायच्या आत. इथे दरी एका बाजूला नाही, जवळजवळ चहूकडे आहे. खाली नेरळचे दिवे अजून जळत होते, पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेमागे तांबडं फुटत होतं, वायव्येला पेबचा किल्ला आणि त्यापलीकडे चंदेरीचा सुळका. थर्मासमधला चहा इथे पहिल्यांदा कामी आला. वहिनींनी त्याला माफ केलं असावं, मला नाही.

उजाडल्यावर पहिले दोन घोडे आले. नवरा-बायको, हातातला चुडा अजून नवा. मुलीने खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि नजर सरळ समोर, घोड्याच्या दोन कानांच्या मधोमध. वहिनींनी मला कोपराने ढोसलं. मग तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "उतर गं बाळ, खाली उतरून बघ. छान दिसतं."

मुलीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने घोडेवाल्याकडे, घोडेवाल्याने घड्याळाकडे. अजून 11 व्हायचे होते. पण उतरली ती. कठडा धरून दोन-तीन मिनिटं उभी राहिली, मग हळूच ओढणी सोडून दोन्ही हात कठड्यावर टेकले. घोडेवाल्याने तेवढ्यात तंबाखू मळून घेतली. तोही काही घाईत दिसला नाही.

दुपारच्या गाडीसाठी वहिनी तिकीट खिडकीच्या समोर दीड तास आधी जाऊन बसल्या, खाली, पिशवी मांडीवर. या वेळी आम्ही पहिल्या. दोन फुटी रुळांची ही गाडी 1907 साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. मॅलेट साहेबाचं नाव पाट्यांवर दिसतं, पीरभॉयांचं शोधावं लागतं. तशीच तऱ्हा याच गावात जन्मलेल्या भाई कोतवालांची. वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष, मग भूमिगत, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने मृत्यू. घोड्याच्या बारा पॉइंटांत ते कुठे बसतात, हे मी विचारलं नाही.

गाडी वीस मीटरला एक मीटर अशा उतारावरून, स्वतःच्याच शेपटीकडे बघत उतरते. 2005 च्या पुराने रूळ वाहून गेले तेव्हा ती दोनेक वर्षं बंद होती. 2019 च्या पावसानंतर पुन्हा, ती थेट 2022 च्या ऑक्टोबरात नेरळहून वर चढली. एक बोगदा आहे, इतका छोटा की पोरांची किंचाळी सुरू व्हायच्या आत संपतो. बाकी जुम्मापट्टीपर्यंत वहिनी खिडकीतून डोकं आत घ्यायला तयार नव्हत्या. डब्यात आमच्या समोर बसलेल्या आजोबांनी झोप काढली, दोन तास, अगदी नेरळपर्यंत.

नेरळच्या फलाटावर सहाची गर्दी. वहिनींच्या साडीचा काठ, माझे बूट, दोघींची पिशवी, सगळं एकाच रंगाचं, विटकरी. लोकल आली. उजवा पाय आधी टाकू की डावा, असा त्यांनी एक क्षण विचार केला, मग डावा टाकून चढल्या. वांगणी येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या बाईला खालून दोन तास लागले ना?"

"हो."

"मला चार धर. पहाटे चौकला उतरलो तर दहाला वर."

मी थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. बदलापूर आलं तरी त्या हिशेबच करत होत्या.